जन्मभूमी नगर, पितृभूमी न्यू इंग्लंड : अमेरिकन मराठी मिशनमधील मुलांचे ‘स्वदेशगमन’

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्थलांतराच्या इतिहासात दोन प्रकारच्या स्थलांतरितांचा विचार प्रामुख्याने झालेला आहे. पोटासाठी गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कामगार हा पहिला, तर शिक्षण अथवा नोकरीनिमित्त परदेशी गेलेला सुशिक्षित तरुण हा दुसरा. या दोघांच्याही बाबतीत घर कोणते आणि परका मुलूख कोणता, याविषयी संदिग्धता नसते. परंतु स्थलांतराचा आणखी एक प्रकार असा आहे की, ज्यात जाणाऱ्याने तो देश पूर्वी कधी पाहिलेलाही नसतो आणि तरीही तेथे जाण्यास ‘परत जाणे’ असेच म्हटले जाते. पूर्वजांच्या भूमीकडे तरुण वयात केलेले प्रयाण, असे त्याचे वर्णन करता येईल.

मराठी समाजातील याचे सर्वपरिचित उदाहरण बेने इस्रायली समाजाचे होय. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या, ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे लावणाऱ्या या समाजातील हजारो तरुण १९४८ नंतर इस्रायलला गेले. पितृभूमीने त्यांचे स्वागत विनाअट केले, असे म्हणता येत नाही. विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेण्यात आली आणि दीर्घ आंदोलनानंतर १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेस, हा समाज सर्वार्थाने यहुदीच आहे, असा ठराव करावा लागला. या विषयावर बरेच लेखन झालेले आहे.

त्या मानाने आपल्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील याच स्वरूपाचे एक जुने उदाहरण दुर्लक्षित राहिले. एकोणिसाव्या शतकात नगर, वडाळा, राहुरी येथील मिशन बंगल्यांत अमेरिकन मिशनऱ्यांची मुले जन्मली व वाढली. आणि कळत्या-नकळत्या वयात ती ‘स्वदेशी’, म्हणजे त्यांनी कधीही न पाहिलेल्या अमेरिकेत, पाठविली गेली. त्यांपैकी अनेकजण पुढे पुन्हा नगरला आले. प्रस्तुत लेखात या जाण्या-येण्याचा विचार केला आहे. मिशनच्या इतिहासात या मुलांचा उल्लेख येतो तो ‘दुसऱ्या पिढीचे मिशनरी’ या सदराखाली. ते सदर अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ही माणसे प्रथम एका सक्तीच्या स्थलांतराची मुले होती आणि नंतर मिशनरी झाली. हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे नगरला परतणे नीट उलगडत नाही.

मिशन आणि बंगला

१८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यानंतर अठरा वर्षांनी, डिसेंबर १८३१ मध्ये, ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तिघे बाबाजी या ब्राह्मण ख्रिस्ती सहकाऱ्यासह नगरला आले. निजामशाहीची ही जुनी राजधानी १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला जिंकल्यापासून इंग्रजांच्या लष्करी नकाशावर होती; मिशनच्या दृष्टीने मात्र तेथील कोरडी हवा आणि भोवतालची दाट गावे महत्त्वाची होती. कोरड्या हवेचा भरवसा फार टिकला नाही. हर्वी पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, पटकीने नगरलाच मरण पावले.

यानंतरच्या दोन दशकांत नगर हे या मिशनचे हृदयस्थान बनले. हेन्री बॅलन्टाईन यांनी येथे सुमारे तीन दशके काम केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये प्रथम नगरहूनच निघाले. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेने येथे मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ मध्ये त्या येथेच निवर्तल्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांत फॅरारबाईंच्या शाळेचा उल्लेख येतो, तो वाचकांस परिचित असेलच.

फॅरारबाईंसारखे एकटे येणारे थोडे. बहुतेक मिशनरी सपत्नीक येत. त्यामुळे प्रत्येक बंगल्यात मुले होती. आया, माळी, पाणक्या, शाळेतील पंतोजी, चर्चमधील मराठी कुटुंबे यांच्या सान्निध्यात ती वाढत. घरात इंग्रजी आणि व्हरांड्यापासून पुढे मराठी, अशी त्यांच्या भाषेची विभागणी होती. न्यू इंग्लंडमधील बर्फ, सफरचंदाच्या बागा, पांढऱ्या रंगाची लाकडी चर्चे ही त्यांना आईवडिलांच्या बोलण्यातून आणि पुस्तकांतील चित्रांतून ठाऊक होती. प्रत्यक्षात त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो नगरचा उन्हाळा, बाभळी, ज्वारीची शेते आणि दुष्काळ.

पाठवणी

मुलांना अमेरिकेस पाठविण्याची जी कारणे त्या काळच्या मिशनरी लेखनात दिली जातात, ती साधारणतः तीन. हवामान व रोगराई हे पहिले. ते खरेच होते; मिशनच्या सुरुवातीच्या दशकांत लहान मुलांचे मृत्यू ही बंगल्यांतील नित्याची घटना होती. योग्य शिक्षणाचा अभाव हे दुसरे कारण. तिसरे कारण मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे. मुलांवर स्थानिक लोकांच्या, विशेषतः नोकरचाकरांच्या, भाषेचा व आचारविचारांचा परिणाम होईल, अशी भीती पालकांना वाटत असे. ही भीती नगरपुरती मर्यादित नव्हती. याच बोर्डाच्या हवाई बेटांवरील मिशनऱ्यांनी आपल्या मुलांनी हवाईयन भाषा शिकू नये म्हणून त्यांना स्थानिक मुलांपासून कसोशीने दूर ठेवले होते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून कोवळ्या मुलांना बोस्टनला धाडण्याचे दुःख असह्य झाले, तेव्हा त्यांनी १८४१ मध्ये होनोलुलूजवळ पुनाहोऊ ही शाळा स्वतःच्या मुलांसाठी काढली.

येथे एक विसंगती नोंदविणे भाग आहे. ज्या मराठीत धर्मोपदेश करण्यासाठी आईवडिलांनी आयुष्य वेचले, ज्या मराठीत त्यांनी व्याकरणे, भजने आणि पाठ्यपुस्तके रचली, तीच मराठी आपल्या मुलाच्या तोंडी आयेच्या संगतीने रुळली की त्यांना धास्ती वाटे. परक्याचा उद्धार करावयाचा, पण त्याच्यासारखे व्हावयाचे नाही, हे मिशनच्या विचारविश्वातील मूलभूत अंतर होते आणि ते अंतर राखण्याचा भार या मुलांवर पडला.

प्रवासाची कल्पना आज करणेही अवघड आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग बोरघाटातून पूर्ण झाला तो १८६३ मध्ये, आणि दौंड-मनमाड मार्गाने नगर रेल्वेशी जोडले गेले ते १८७८ मध्ये. तत्पूर्वी नगरहून मुंबईपर्यंतची वाट बहुतांशी बैलगाडीची होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू होईपर्यंत शिडाची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात आणि बोस्टन गाठण्यास सुमारे चार महिने लागत. काही मुले आईबरोबर जात. काही रजेवर निघालेल्या दुसऱ्या मिशनरी कुटुंबाच्या हवाली केली जात. एकदा पाठविलेले मूल पुन्हा आठ-दहा वर्षांनी, पालकांच्या पुढच्या रजेत, दृष्टीस पडे. पत्राचे उत्तर येण्यास अर्धे वर्ष लागे.

तेथे पोहोचल्यावर मुलांची सोय आजोळी, काकांकडे, किंवा मिशनच्या एखाद्या स्नेह्याकडे होई. नातेवाईक नसलेल्यांसाठी पुढे वसतिगृहे निघाली. मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथे तुर्कस्तानातील एका दिवंगत मिशनऱ्याच्या पत्नी एलायझा वॉकर यांनी १८६८ मध्ये मिशनरी मुलांसाठी घर सुरू केले. अशा घरांत नगरचे मूल, तुर्कस्तानचे मूल, चीनचे मूल एका टेबलावर जेवत असे. तिघांचाही स्वदेश कागदोपत्री एकच, आणि तिघांनाही तो सारखाच नवा.

याच सुमारास इंग्रज अधिकारीवर्गातही ही रूढी होती. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला १८७१ मध्ये वयाच्या सहाव्या वर्षी, धाकट्या बहिणीसह, इंग्लंडमधील साऊथसी येथे अपरिचित कुटुंबात ठेवण्यात आले. त्या यातनांवर त्याने पुढे कथा लिहिली. दोहोंत एक फरक आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखी हिंदुस्थान हे नोकरीचे ठिकाण होते आणि पेन्शनीनंतर तोही मायदेशी जाणार होता. अमेरिकन मिशनरी आयुष्यभरासाठी आलेला असे. म्हणजे मूल ‘घरी’ जात असे आणि आईवडील कायमचे मागे राहत. ज्या घरात आईवडील नाहीत, त्याला घर कसे म्हणावे, हा प्रश्न त्या मुलांना पडला नसेल, असे मानणे कठीण आहे.

कायद्याच्या दृष्टीने स्वदेश

या मुलांचा स्वदेश भावनेच्या दृष्टीने दूरचा होता, हे उघड आहे. परंतु काही काळ तो कायद्याच्या दृष्टीनेही अनिश्चित होता, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही.

अमेरिकेचा १८०२ चा नागरिकत्वविषयक कायदा अशा शब्दांत रचलेला होता की, परदेशात जन्मलेल्या मुलांपैकी ज्यांचे पालक त्या वेळी किंवा त्यापूर्वी नागरिक होते, त्यांनाच तो लागू होई. १८०२ नंतर जन्मलेल्या अमेरिकन पित्याचे मूल परदेशात जन्मल्यास त्याची स्थिती काय, याचे उत्तर त्यात नव्हते. फिलाडेल्फियाचे विधिज्ञ होरेस बिनी यांनी १८५३ च्या सुमारास ही त्रुटी निबंधाद्वारे निदर्शनास आणली. त्यांचा युक्तिवाद ग्राह्य धरल्यास नगर-मुंबईतील मिशन बंगल्यांत जन्मलेली बहुतेक मुले अमेरिकेच्या दृष्टीने परकीय ठरत होती. अखेर १० फेब्रुवारी १८५५ रोजी नवा कायदा झाला. नागरिक पित्याचे परदेशात पूर्वी जन्मलेले किंवा पुढे जन्मणारे मूल नागरिकच समजले जाईल, असे त्याने पूर्वलक्षी प्रभावाने ठरविले.

या कायद्यास एक अट होती. ज्या पित्याने अमेरिकेत कधीच वास्तव्य केलेले नाही, त्याच्याकडून नागरिकत्वाचा वारसा मुलांकडे जाणार नाही. या अटीचा मिशन कुटुंबांसाठी अर्थ स्पष्ट होता. नगरला जन्मलेला मुलगा आयुष्यभर नगरलाच राहिला, तर तो स्वतः अमेरिकन. पण त्याची मुले नव्हेत. तेव्हा मुलाला शिक्षणासाठी अमेरिकेत धाडणे हा केवळ संस्कारांचा प्रश्न उरत नाही. पुढच्या पिढीचा देश कोणता, हेही त्यावर अवलंबून होते. पालकांनी हा विचार करूनच मुले पाठविली, असे सुचवावयाचे नाही. परंतु परिणाम तोच होता. शिवाय हा वारसा केवळ पित्याकडून चाले. मातेकडून तो मिळू लागला १९३४ च्या कायद्याने. बंगल्यातील मुलींच्या बाबतीत स्वदेश हा आधी वडिलांचा आणि मग पतीचा असे.

तीन कुटुंबे

या पार्श्वभूमीवर नगरच्या इतिहासात ठसा उमटविणाऱ्या तीन कुटुंबांकडे वळता येईल : ह्यूम, फेअरबँक आणि बॅलन्टाईन.

रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईस आले. त्यांचा पुत्र रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८ मार्च १८४७ रोजी मुंबईत झाला. प्रकृती ढासळल्यामुळे १८५४ मध्ये वडील कुटुंबासह अमेरिकेस निघाले; पण दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातून जहाज जात असताना त्यांचे निधन झाले आणि त्यांना समुद्रातच दफन करण्यात आले. सात वर्षांचा रॉबर्ट, त्याची भावंडे आणि विधवा आई हॅना असे सारे जण ज्या किनाऱ्यावर उतरले तो मुलांच्या दृष्टीने सर्वस्वी नवा होता. वर उल्लेखिलेला कायदा त्यानंतर थोड्याच दिवसांत झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या कुटुंबाची अवस्था नेमकी कळते. पितृभूमीत पाऊल ठेवताना पिता हरपलेला, आणि भूमीशी असलेले कायदेशीर नातेही अद्याप पक्के झालेले नाही.

हॅना ह्यूम यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे राहून मुले वाढविली. रॉबर्ट १८६८ मध्ये येल महाविद्यालयातून पदवीधर झाले. अँडोव्हर येथे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला आणि १८७४ मध्ये ते नगरला आले. पत्नी ॲबी ही एबेनेझर बर्जेस यांची कन्या. बर्जेस हे नगर व सातारा येथे काम केलेले मिशनरी. ‘सूर्यसिद्धान्त’ या ग्रंथाचा १८६० मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद त्यांचाच. म्हणजे विवाहही पुन्हा त्याच वर्तुळात झाला. धाकटे बंधू एडवर्ड सॅकेट ह्यूम हेही पाठोपाठ आले आणि पुढे मुंबईत भायखळ्याच्या शाळेचे काम त्यांनी सांभाळले. ती शाळा ह्यूम यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

नगरला रॉबर्ट ह्यूम यांनी जवळजवळ पन्नास वर्षांहून अधिक काळ काम केले. येथील धर्मशिक्षण विद्यालय त्यांनी १८७८ मध्ये स्थापन केले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातील मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना १९०१ मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस डॉ. ह्यूम हे नाव वेगळे सांगावयास नको.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रसंग १८८६-८७ चा आहे. रजेवर अमेरिकेत असताना ह्यूम यांनी अँडोव्हर येथील एका भाषणात अशा मताची बाजू घेतली की, ज्यांना ख्रिस्ताविषयी ऐकण्याची संधी जिवंतपणी मिळाली नाही, त्यांना मृत्यूनंतर ती मिळू शकते, असे मानण्यास जागा असावी. हे मत सनातनी मंडळींना पाखंड वाटले. मोठा वाद माजला. बोर्डाने त्यांना नगरला परत धाडण्याचे काम थांबवून ठेवले आणि बऱ्याच काथ्याकुटानंतर १८८७ मध्ये परवानगी दिली. हा वाद अमेरिकन धर्मशास्त्राच्या इतिहासात ‘अँडोव्हर वाद’ म्हणून प्रसिद्ध आहे व त्याची चर्चा तेथील पंडितांच्या अंगानेच होते. नगरच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ निराळा लागतो. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या समाजात काम करणाऱ्या उपदेशकास ‘मग आमच्या वाडवडिलांचे काय?’ हा प्रश्न चुकविता येणे शक्यच नव्हते. जे सारे पूर्वज नाव न ऐकताच मेले, ते सारे नरकात, हे उत्तर नगरच्या पेठेत देणे आणि बोस्टनच्या सभागृहात देणे यांत अंतर होते. ह्यूम यांना ते अंतर कळले. पूर्वजांच्या देशात उभे राहून त्यांनी दुसऱ्यांच्या पूर्वजांची कड घेतली आणि त्यापायी नगरला मुकण्याचा धोका पत्करला.

ॲबी यांच्या निधनानंतर ह्यूम यांनी १८८७ मध्ये केट फेअरबँक यांच्याशी विवाह केला. केट याही येथल्याच. त्यांचे वडील सॅम्युएल बेकन फेअरबँक १८४६ मध्ये आले आणि नेवासे तालुक्यातील वडाळा हे त्यांनी आपले कार्यक्षेत्र केले. शेती, वनस्पती आणि पक्षी यांचा त्यांना विलक्षण नाद होता. दक्षिणेतील पळणी टेकड्यांत त्यांनी मिळविलेल्या एका पक्ष्यास ब्लॅनफर्ड या निसर्गवैज्ञानिकाने १८६९ मध्ये फेअरबँक यांचेच नाव दिले. त्यांची द्वितीय पत्नी मेरी ही हेन्री बॅलन्टाईन यांची कन्या. खुद्द बॅलन्टाईन १८६५ मध्ये मायदेशी परतण्यास निघाले आणि ह्यूम यांच्या वडिलांप्रमाणेच वाटेत समुद्रावर वारले. पहिल्या पिढीतील या दोघांनाही आपला खरा स्वदेश अखेरीस पाहता आला नाही, आणि ज्यांना तो परका होता ती मुले मात्र सुखरूप तेथे पोहोचली. हा योगायोगच, पण चटका लावणारा.

फेअरबँक यांचे पुत्र हेन्री व एडवर्ड अमेरिकेत शिकून पुन्हा याच जिल्ह्यात कामास आले. बॅलन्टाईन यांचे पुत्र विल्यम हे डॉक्टर होऊन परतले व राहुरी येथे त्यांनी दवाखाना चालविला. ह्यूम यांची १८७५ मध्ये नगरला जन्मलेली कन्या रूथ हिचे शिक्षण वेलस्ली महाविद्यालयात व नंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती डॉक्टर होऊन नगरला आली आणि स्त्रियांसाठी मिशनचे रुग्णालय तिने उभे केले. १९३९ मध्ये ते साल्व्हेशन आर्मीकडे गेले. आज नगरकर ज्यास ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात आणि २०२० च्या करोना साथीत ज्याचे नाव राज्यभर झाले, त्याचे मूळ हे आहे.

‘परत येणे’ या शब्दाचा अर्थ

इतकी मुले पुन्हा का आली? मिशनचे उत्तर ठरलेले आहे : ईश्वरी पाचारण. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याजोडीने आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नगरला येऊन राहण्याचा या तरुणांना उपलब्ध असलेला एकमेव व्यवहार्य मार्ग म्हणजे मिशनची नेमणूक हाच होता. ज्याला बालपणीचे गाव पुन्हा हवे होते, त्याला ते मिशनरी होऊनच मिळू शकत होते. त्यामुळे श्रद्धा कोठे संपते आणि ओढ कोठे सुरू होते, हे बोर्डाच्या दप्तरावरून वेगळे काढता येत नाही. दप्तरात आणखी एक झुकते माप आहे. चरित्रे लिहिली गेली ती परतलेल्यांची. जे ओहायोत शेतकरी किंवा कनेक्टिकटमध्ये शिक्षक झाले, त्यांच्या मनात नगर किती उरले, याची दखल घेण्याचे संस्थेला प्रयोजन नव्हते.

काहीजण तिसरीकडेच गेले. एडवर्ड सॅकेट ह्यूम यांचा पुत्र एडवर्ड हिक्स ह्यूम याचा जन्म १८७६ मध्ये नगरचा. येल आणि जॉन्स हॉपकिन्स येथे शिकून तो डॉक्टर झाला, काही काळ मुंबईत प्लेगच्या कामावर होता, आणि १९०५ मध्ये चीनमधील चांगशा येथे जाऊन त्याने रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालयाचा पाया घातला. त्याचा चुलत भाऊ रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम याने अमेरिकेत राहून प्रमुख तेरा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. जन्मभूमीला परतण्याची ही दुसरी वाट म्हणता येईल.

ही दुसरी वाट सर्वांत दूरवर चालले ते जस्टिन ॲबट. वडील एमॉस ॲबट नगरचे मिशनरी. जस्टिन यांनी १८८१ पासून सुमारे तीन दशके मुंबईत मिशनचे काम केले आणि १९१० च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. तेथे, न्यू जर्सीमध्ये, निवृत्तीच्या काळात त्यांनी मराठी संतकवींच्या अनुवादाची मालिका हाती घेतली. १९२६ पासून भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकामागून एक ग्रंथ निघाले. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा महिपतींच्या ‘भक्तिविजया’चा पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केलेला अनुवाद प्रसिद्ध व्हावयाचा होता, तो १९३३-३४ मध्ये आला. महिपती हे राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. नगर जिल्ह्यातल्या मातीत रचलेली ओवी अटलांटिकच्या पलीकडे एका वृद्ध मिशनरीपुत्राने इंग्रजीत आणली. यात धर्मप्रसाराचा हेतू शोधणाऱ्यास तो सापडेलही; पण ज्या चिकाटीने हे काम झाले, तिचा उलगडा केवळ त्या हेतूने होत नाही.

मराठी विचारात १९२३ मध्ये सावरकरांनी ‘पितृभू’ आणि ‘पुण्यभू’ या दोन संज्ञा रूढ केल्या. या मुलांना तो निकष लावू गेल्यास चमत्कारिक स्थिती होते. पितृभू न्यू इंग्लंड, पुण्यभू पॅलेस्टाईन, आणि जन्मभू नगर. तिन्ही तीन निराळ्या मुलखांत.

बाकावरचा दुसरा विद्यार्थी

या मुलांविषयी सहानुभूती बाळगताना एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. त्याच आवारात, त्याच चर्चमध्ये, नगर जिल्ह्यातील महार-मांग व इतर समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची मुले होती. मिशनरी मुलाचा विरह खरा होता. पण त्याच्यामागे बोर्डाचा भत्ता, नातेवाइकांचे घर आणि येलचे दार होते. त्याचा मराठी सवंगडी पालकाच्या किंवा मास्तराच्या नोकरीपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ झाले, असे समजले जाई. आणि ख्रिस्ती झाला म्हणून अमेरिका त्याचा देश होऊ शकत नव्हता. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानातील लोकांच्या स्थलांतरास बंदी घातली व १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. एकाच बंगल्याच्या आवारात जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकास न पाहिलेला देश जन्मतः मिळत होता, दुसऱ्यास तो धर्मांतरानेही मिळत नव्हता.

ही विषमता नगरच्या ख्रिस्ती समाजात जाणवत होती. ह्यूम यांच्या सहवासात वर्षानुवर्षे काम केलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागे ख्रिस्ती धर्माला एतद्देशीय रूप देण्याची तळमळ होती. टिळकांना स्वदेश शोधावा लागला नाही, तो त्यांच्या पायाखाली होता. त्यांचा झगडा त्या स्वदेशात आपल्या श्रद्धेला जागा मिळावी म्हणून होता.

विसाव्या शतकात परिस्थिती पालटली. १९०१ मध्ये कोडाईकनाल येथे मिशनरी मुलांसाठी शाळा निघाली. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलांना समुद्रापार धाडण्याची निकड उरली नाही. शालेय शिक्षण संपवून, सतरा-अठराव्या वर्षी, ती महाविद्यालयासाठी अमेरिकेस जाऊ लागली. जाणाऱ्याचे वय वाढले, तसे जाण्याचे स्वरूपही बदलले. सातव्या वर्षी नेलेल्या मुलाला नगर धूसर आठवे. अठराव्या वर्षी गेलेला तरुण पूर्ण घडलेला असे, आणि बोस्टनमध्ये तो स्वतःला परका म्हणून ओळखू शके.

रॉबर्ट ॲलन ह्यूम १९२६ मध्ये निवृत्त झाले. वय एकोणऐंशी. नियमानुसार निवृत्त मिशनऱ्याने स्वदेशी जावयाचे असे, त्याप्रमाणे तेही गेले. लहानपणी चार महिन्यांचा असलेला तो प्रवास आता काही आठवड्यांचा होता. तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे चर्च नगरमध्ये आहे.